लुआर नदीकाठी, सदस्य संख्या चार

७ जानेवारी १९७९, रविवार

सौ. सुमती कृष्णकांत देवपुजारी,

पूर्ण नावाने आरंभ करीत आहे. पंचवीस वर्षांत मी तुला नावाने हाक मारली नाही. "अगं" एवढ्यावर भागत असे. आता त्या शब्दाला ओ देणारे कोणी नसल्याने नाव लिहिणे भाग आहे. दैनंदिनी लिहिण्याचा माझा स्वभाव नाही. कार्यालयात अठ्ठावीस वर्षे टिपणे लिहिली, ती सर्व वरिष्ठांकडे जात. हे टिपण कोणाकडे सादर करावयाचे याचा विचार केला, तेव्हा तुझ्याखेरीज दुसरे नाव सुचले नाही.

आज सकाळी तुझ्या शाळेत गेलो. मुख्याध्यापिका जयवंताबाई यांची तीन स्मरणपत्रे आली होती. तुझ्या भूगोलाच्या खोलीच्या किल्ल्या अद्याप आपल्याकडे आहेत. गेल्या जूनमध्ये धंतोलीच्या रुग्णालयातून तुझ्या वस्तूंची जी पिशवी मला सही करून मिळाली, तीत त्या होत्या: दाराची एक, लोखंडी कपाटाची एक, नकाशांच्या पेटीची एक. त्या परत करून पावती घ्यावी एवढाच हेतू होता. परंतु तत्पूर्वी कपाटातील तुझे खाजगी कागद काढून घेणे आवश्यक होते, म्हणून कपाट उघडले.

वरच्या खणात पांढऱ्या फितीने बांधलेली एक तपकिरी फाईल आढळली. वर तुझे अक्षर: "लुआर नदीचे खोरे, फ्रान्स. किल्ले व द्राक्षमळे. सहकुटुंब प्रवास, मे १९७९. सदस्य संख्या: चार."

मी तेथेच विद्यार्थिनींच्या बाकावर बसून ती वाचली. बाक गुडघ्यांना लागत होते. रोजचा कार्यक्रम आहे, अंतरे आहेत, सोबत कोणते लाडू घ्यावेत तेही आहे. शाँबोर येथील किल्ल्याविषयी तू लिहितेस: "येथे दोन जिने एकमेकांभोवती पिळलेले आहेत. एकाने वर जाणारा व दुसऱ्याने उतरणारा झरोक्यांतून एकमेकांस दिसतात, परंतु त्यांची गाठ पडत नाही. मी व मुले वर जाऊ. कृष्णकांत पायऱ्या मोजतील. त्यासाठी वीस मिनिटे राखून ठेवावीत."

तू माझे नाव कधी घेत नसस. तुझ्या अक्षरात ते मी आज प्रथम पाहिले.

हा प्रवास तू ठरवला होतास आणि मला सांगितले नव्हतेस. सुट्टीत, ६ मे रोजी निघावयाचे आहे. चार महिने शिल्लक आहेत. किल्ल्या परत न करता घरी आलो.

९ जानेवारी, मंगळवार

रात्रीच्या जेवणाच्या वेळी प्रस्ताव मुलांसमोर मांडला.

"फ्रान्स?" वसंत म्हणाला. "बाबा, आपण पचमढीच्या पुढे गेलो नाही कधी. तिथंही तुम्ही रोज सकाळी परतीचं तिकीट काढून पाहून राहिले होते."

"आईची इच्छा आहे," मी सांगितले.

"होती," वसंत म्हणाला. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षात गेल्यापासून त्याच्या बोलण्यात हा काटेकोरपणा आला आहे.

शामलाने फाईल हाती घेतली. पहिले पान पाहून ती एकदम शेवटच्या पानावर गेली, तेथे थोडा वेळ थांबली, आणि फीत पूर्ववत बांधली. तिचा चेहरा मला नीट दिसला नाही. "जाऊ आपण बाबा," ती म्हणाली. "अर्धी पोळी आणखी घेता का?"

मी घेतली. वसंत काही विचारू लागला, तेव्हा तिने त्याला पाणी आणावयास पाठविले व स्वतःही मागोमाग गेली. स्वयंपाकघरात दोघांचे बराच वेळ हळू आवाजात बोलणे झाले. परत आल्यावर वसंत म्हणाला, "ठीक आहे. जाऊ." मुलांनी इतक्या समंजसपणे साथ द्यावी याचे समाधान वाटले.

१४ जानेवारी, रविवार

संक्रांत. यंदा आपल्याकडे सण नाही. दुपारी महाल भागातून थोरली बहीण यमुताई आली. तिला ही बातमी कोणी दिली ते समजले नाही.

"कृष्णा, खरं का हे? लग्नाच्या पोरीला दारूच्या गावी घेऊन जाऊन राहिला तू?"

"द्राक्षांचे मळे आहेत, ताई."

"आणि त्या द्राक्षांचं ते लोक काय, मनुके करतात?"

मी तिला फाईलमधील चौथा दिवस वाचून दाखविला: "व्हूव्रे गावी टेकडीत खोदलेल्या तळघरांत द्राक्षासव मुरवितात. कुटुंबप्रमुख दाराशीच उभे राहतील व सर्वांच्या छत्र्या सांभाळतील." त्यावर यमुताई हसली, आणि हसता हसता तिने डोळ्यांना पदर लावला. नंतर तिने मूळ विषय काढला.

"काटोलच्या मनोहररावांचा पुन्हा निरोप आहे. त्यांचा केशव सुमतीनं शामलासाठी स्वतः पाहिलेला, तिनं पसंत केलेला. आई गेल्यावर लग्न वर्षाच्या आत उरकावं लागतं, नाही तर तीन वर्षं नाव काढता येत नाही. वर्षश्राद्ध तिथीनं पंधरा जूनला येतं. मुहूर्त निघाला आहे अठरा मेचा."

"मे महिन्यात आम्ही प्रवासात असू."

"मग तीन वर्षं ते लोक काय संत्री सोलत बसतील?" मग ती म्हणाली, "आणि कन्यादानाचं मनात खात असेल तर आत्ताच सांगून ठेवते. मार्तंड आणि त्याची बायको बसतील. तुला एकट्याला बसता यायचं नाही."

मार्तंड माझा धाकटा भाऊ आहे आणि ही व्यवस्था रूढीस धरून आहे. तीस माझा आक्षेप नाही. यमुताई गेल्यावर प्रवासाच्या दुसऱ्या दिवसाचे वेळापत्रक स्वच्छ अक्षरात लिहून काढले. तीनदा चुकले.

२१ जानेवारी, रविवार

"कपाटातील कागदांची छाननी" या कारणास्तव दर रविवारी खोली वापरण्याची परवानगी जयवंताबाईंकडून लेखी मिळविली. एप्रिलअखेरपर्यंत मुदत आहे. भिंतीवर युरोपचा नकाशा टांगला व लुआर नदीवर आपले सात मुक्काम टाचणीने दाखविले.

नत्थूजी चपराशी दारात येऊन उभा राहिला. "बाईवानीच तुमी बी नकाशा घेऊन बसून राह्यले, साहेब."

"हा प्रवास त्यांनी ठरविला होता, नत्थूजी."

"हो ना. बाई तं दरसाली जायच्या. औंदा कोन्त्या नदीवर हाये?"

वयोमानाने त्याचा गोंधळ होत असावा. मी नदी दाखविली. त्याने चष्मा कपाळावर चढवून ती उगमापासून समुद्रापर्यंत बोटाने पाहिली. "लय लांब हाये. पोराईले सांभाळजा," म्हणाला व फाटकाकडे गेला.

३ फेब्रुवारी, शनिवार

पारपत्राचे अर्ज आज रवाना केले. मुलांचे स्वतंत्र आहेत. आपला दोघांचा एकत्र अर्ज तू भरून फाईलच्या शेवटी ठेवलाच होतास: अर्जदार म्हणून माझे नाव, सोबत पत्नी म्हणून तुझे, तुझे छायाचित्र, तुझी स्वाक्षरी. माझ्या सहीच्या जागी पेन्सिलीची फुली होती. वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनेच "नमुना" असे लिहिले होते. पक्का अर्ज भरण्यापूर्वी तू कच्चा करून पाहिला असणार. परंतु हा इतका निर्दोष होता की मी तो शब्द खोडरबराने पुसला व तोच अर्ज वापरला.

तुझ्या नावाच्या रकान्याबाबत दोन दिवस विचार केला. दुसऱ्याच्या स्वाक्षरीखालील मजकुरात खाडाखोड करू नये, हा आमच्या आस्थापना शाखेचा नियम आहे. कनिष्ठांना तो मीच शिकवितो. तू सही केलेला मजकूर बदलण्याचा अधिकार मला पोहोचत नाही. अर्ज होता तसाच ठेवून, केवळ माझी सही व आजची तारीख घालून रजिस्टर टपालाने मुंबईस पाठविला. पावती फाईलला लावली.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

शामलास काटोलहून पाकीट आले. गेल्या मंगळवारीही आले होते. केशव कृषी पदवीधर आहे व संत्र्याचा बगीचा पाहतो. पत्रव्यवहार फळबागांविषयी असावा. असे तिने सांगितले नाही, मीच गृहीत धरले.

२५ फेब्रुवारी, रविवार

तुझ्या फाईलमध्ये प्रत्येक दिवसाखाली काही प्रश्न आहेत. प्रवासापूर्वी सर्वांची तयारी व्हावी असा तुझा हेतू दिसतो. दर रविवारी मी काहींची उत्तरे लिहितो.

प्रश्न ४: व्हूव्रे येथील द्राक्षमळे नदीच्या उत्तर तीरावरील उतारावर का आहेत? उत्तर: तो उतार दक्षिणाभिमुख असल्याने ऊन अधिक मिळते.

प्रश्न ५: शनाँसोचा किल्ला इतर किल्ल्यांहून कोणत्या बाबतीत वेगळा आहे? उत्तर: तो नदीकाठी नसून कमानींवर, प्रत्यक्ष नदीपात्रात उभा आहे.

प्रश्न ७: या प्रवासात कुटुंबातील कोणत्या सदस्यास सर्वांत अधिक त्रास होईल? कारणे द्या.

याचे उत्तर आज लिहिले नाही.

सध्या झोप साधारण बरी लागते. कार्यालयात परवा एकाने विचारले, "साहेब, तब्येत सुधारली वाटते?" फाईल दप्तरातून सोबत नेत असतो. ती घरी राहिली तर दुपारी नेण्यास परत येतो.

११ मार्च, रविवार

मनोहरराव देशमुख स्वतः काटोलहून बसने आले. संत्र्यांची करंडी त्यांनी दारातच खाली ठेवली.

"साहेब, मी सरळ मानूस. पोरगी आमाले पसंत हाये, पोराले तं हायेच हाये. तुमच्या बाई राहिल्या असत्या तर एव्हाना अक्षता पडल्या असत्या. तुमी फकस्त हो म्हना."

मी त्यांना प्रवासाची रूपरेषा सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली.

"काहून जाऊन राहिले तितं?"

"घरातील सर्वांनी एकत्र जावे, अशी तिची योजना आहे."

"मंग लगन झाल्यावर जा ना. हिवाळ्यात जा. तो किल्ला काय पळून जाते?"

लग्नानंतर शामला या कुटुंबाच्या अर्जात राहणार नाही, संख्या चार राहणार नाही, हे मी त्यांना सांगितले. ते उठले. "रामनवमीपर्यंत वाट पाहतो. घरात म्हातारी आई हाये माझी, तिले तीन वर्ष थांब म्हनता येत नाही."

शामला चहा घेऊन आली तेव्हा ते निघून गेले होते. तिने दोन्ही कप परत नेले. सायंकाळी ती संत्र्यांची करंडी समोर ठेवून बसली होती. एकही सोलले नाही.

२० मार्च, मंगळवार

घडले ते क्रमाने लिहितो.

सकाळी नऊ वाजता चौकीचे हवालदार मारोतराव पारपत्राच्या चौकशीसाठी आले. शामलाने पाणी दिले. त्यांनी कागद मांडीवर पसरले.

"कृष्णकांत विश्वनाथ, तुमीच. पोरगा, पोरगी, ठीक. आनि बाई? सुमतीबाई. त्याईले जरा बोलवा, सही मिळवून पाहा लागते."

मी म्हणालो, "त्या शाळेत आहेत."

"कवा येतीन वापस?"

"साडेपाच वाजता."

हे उत्तर का दिले गेले याचे कारण मला नमूद करता येत नाही. साडेपाच ही वेळ खरी आहे. तू त्याच वेळी येत असस.

"रेशनकार्ड दाखवा," ते म्हणाले. ते मी दिले. त्यांनी बोटाने नावे मोजली. "बरोबर. चार."

तेव्हा शामला दारातून म्हणाली, "काका, आई गेली. मागच्या जूनमध्ये."

मारोतरावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "साहेब, मयत बाईची सही, आनि तारीख औंदाची. मोठं लफडं होऊन जाईन हे. तुमी सरकारी मानूस. नोकरी जाईन ना."

मी त्यांना नियम समजावून सांगू लागलो: दुसऱ्याच्या स्वाक्षरीखालील मजकूर. त्यांनी हात वर केला. "आज तुमच्या घराले कुलूप होतं, मी वापस गेलो. समजलं? एक महिना देतो. दुरुस्ती लिहून पाठवा, नाही तं अर्ज मांगं घ्या." जाताना ते शामलास हळूच म्हणाले, परंतु मला ऐकू आले: "बाबाले एकटं नोको सोडू वं बाई."

वसंत या वेळी आंघोळीस गेला होता. त्याला हे सांगू नये असे शामलाला सांगितले. तिने मान हलविली. तिचे डोळे कोरडे होते.

२४ मार्च, शनिवार

दुरुस्तीपत्राचा मसुदा: "उपरोक्त अर्जातील सहअर्जदार पत्नी दिनांक"

येथे थांबलो.

२९ मार्च, गुरुवार

पुन्हा तोच मसुदा. आमच्या शाखेत मृत कर्मचाऱ्याचे नाव हजेरीपटातून लाल शाईने कमी करण्याचे काम माझ्याकडे आहे. आजवर बेचाळीस नावे कमी केली. दर वेळी पट्टी ठेवून सरळ रेघ मारली. त्यांपैकी कोणाच्याही घरी त्या दिवशी काय झाले असेल, याचा विचार केल्याचे स्मरत नाही.

जेवण झाले नाही. शामलाने आग्रह केला. तिच्यावर आवाज चढविला, याची खंत नोंदवितो.

७ एप्रिल, शनिवार

रामनवमी होऊन गेली. काटोलला मी काहीही कळविलेले नाही. या मंगळवारी शामलास पाकीट आले नाही.

दुरुस्ती पाठवावी, तर तू प्रवासातून वगळली जातेस. न पाठवावी, तर प्रवासच राहत नाही आणि बहुधा नोकरीही. आणि लग्नास होकार द्यावा तर मांडवात माझी जागा रिकामी ठेवून मला बाजूस उभे राहावे लागेल, व सर्व गावास दिसेल की माझ्या शेजारी कोणी नाही. हे कारण मी आज प्रथमच लिहिले. वाचल्यावर ते फाडावेसे वाटले, परंतु दैनंदिनीची पाने फाडू नयेत.

८ एप्रिल, रविवार

जयवंताबाई जिन्नसांची यादी करण्यासाठी खोलीत आल्या. जूनपासून भूगोलास नव्या बाई येत आहेत. मी नकाशासमोर बसलो होतो. टाचण्या, वेळापत्रक व माझी उत्तरे सर्व टेबलावर होते.

"हे काय करून राहिले देवपुजारी साहेब?"

मी सांगितले. सांगत असता त्या समोरच्या बाकावर बसल्या. "नकाशांच्या पेटीची किल्ली आहे ना तुमच्याजवळ? ती पेटी तुम्ही उघडली नाही का?"

"तीत केवळ नकाशे असणार."

"उघडा."

तिसरी किल्ली मी प्रथमच वापरली. नकाशांच्या गुंडाळ्यांखाली फायली होत्या. अकरा. सर्वांना पांढरी फीत. नाईल १९६८. राईन १९६९. गंगा १९७०. टेम्स १९७१. पुढे याप्रमाणेच.

"नववीच्या मुलींना त्या दरवर्षी करायला लावायच्या," जयवंताबाई म्हणाल्या. "एक नदी निवडायची आणि आपल्या घरच्या लोकांना घेऊन प्रवास आखायचा. अर्जसुद्धा खरे आणून भरून घ्यायच्या. आधी स्वतःच्या घरचा नमुना करून दाखवायच्या. मुली फार हसायच्या हो तुमच्यावर. चांगल्या अर्थानं. सगळ्या शाळेला तुम्ही ठाऊक आहात." मग त्या म्हणाल्या, "हा लुआरचा शिकवायचा राहिला."

मी सर्व अकरा फायली उघडल्या. सर्वांवर सदस्य संख्या चार आहे. नाईल: "शामला, वय अकरा, पिरॅमिडपाशी हिला भूक लागेल. वसंत, वय नऊ. उंटाला घाबरेल, परंतु कबूल करणार नाही. कृष्णकांत बोटीची वेळ तीनदा विचारतील." राईन: "कृष्णकांत यांना गलबताचा भोंगा आवडेल. ते तसे बोलून दाखविणार नाहीत."

हे सारे आपल्याच घरातील टेबलावर लिहिले गेले असणार. मी समोर वर्तमानपत्र वाचीत असेन. अकरा वर्षांत एकदाही विचारले नाही की, काय लिहीत आहेस?

१० एप्रिल, मंगळवार

कार्यालयात गेलो नाही. रजेचा अर्ज दिला नाही.

१५ एप्रिल, रविवार

शामला तांदूळ निवडीत होती. मी तिच्यासमोर बसलो.

"तुला ठाऊक होते?"

"हो बाबा." तिने खडा उचलून बाजूला ठेवला. "मी नववीत होते तेव्हा आमचा वर्ग टेम्सला गेला होता. आईनं मला कमी मार्क दिले. मी तुम्हाला होडीत बसवलं होतं. आई म्हणाली, घरच्या माणसाकडे नीट पाहिलं नाहीस, ते होडीत बसायचे नाहीत."

"मग मला सांगितले का नाहीस?"

"सहा महिने तुम्ही एक पोळी खाऊन उठून राहिले होते. फाईल आणली त्यानंतर दीड खाल्ली." ती सुपाकडेच पाहत होती. "मला वाटलं, मे येईपर्यंत तुमचं तुम्हालाच उमजेल."

"आणि अठरा मे?"

"तीन वर्षांनी मी पंचवीसची होईन. चालतं तेवढं." मग सूप हलवीत, "ते थांबतो म्हणाले होते. घरचे थांबू देणार नाहीत त्यांना. शेवटच्या पत्रात तसंच आहे."

ती रडली नाही. तांदूळ निवडून झालेले होते, तरी ती निवडीत राहिली. ही सवय तिने कोणाकडून घेतली हे मला सांगावयास नको.

प्रश्न ७ चे उत्तर आता ठाऊक झाले आहे. ते फाईलमध्ये लिहिणार नाही.

१७ एप्रिल, मंगळवार

एक दिवसाची किरकोळ रजा घेऊन काटोलला गेलो. मनोहरराव अंगणात पेट्या ठोकून घेत होते. त्यांनी मला बसा म्हटले नाही.

"मुदत सरली ना साहेब. वरूडची एक पोरगी पाहून आलो आमी. चांगले लोक हायेत."

मी तेथेच उभा राहून हात जोडले. असे मी पूर्वी कोणापुढे केले नव्हते. रुग्णालयातही नव्हते. "चूक माझी आहे," मी म्हणालो. "मुलीची नाही. तिने मला सांभाळण्यासाठी स्वतःचे नुकसान करून घेतले आणि ते मला दिसले नाही."

त्यांनी कामावरच्या माणसांना हाताने थांबविले. ठोकण्याचा आवाज बंद झाला.

"आमचा केशव वरूडले आलाच नाही," ते म्हणाले. "बगीच्यात जाऊन बसला दिवसभर. काहून गा, म्हनून इचारलं, तं म्हन्ते, मले भूक नाही. मी जेवाचं इचारलं नव्हतं." त्यांनी हातातील हातोडी पेटीवर ठेवली. "आनि तुमच्या त्या फ्रान्सचं काय झालं?"

"प्रवास झाला."

"कवा?"

"बारा वेळा," मी म्हणालो. याहून अधिक स्पष्टीकरण मला देता आले नसते.

त्यांनी हातातील खिळे खिशात टाकले. मग म्हणाले, "घरात या. उन्हानं लाल होऊन राहिले तुमी. केशवची माय पन्हं देते." आत जाता जाता त्यांनी मागे वळून आवाज दिला, "अरे, त्याले बलवा बगीच्यातून. म्हना, अठराचंच हाये."

१९ एप्रिल, गुरुवार

दुरुस्तीपत्राऐवजी अर्ज मागे घेत असल्याचे पत्र लिहिले. "सहअर्जदार पत्नी दिनांक २६ जून १९७८ रोजी मृत्यू पावली असून तिचे नाव असलेला अर्ज माझ्या चुकीने सादर झाला." एका वाक्यास लागतो तेवढाच वेळ लागला. मूळ पत्र टपालात टाकले, प्रत चौकीवर मारोतरावांना नेऊन दिली. ते फक्त "बसा, चहा घ्या" म्हणाले. रेशनकार्डावरील चौथ्या नावाची दुरुस्तीही करून घेतली.

२९ एप्रिल, रविवार

लग्नपत्रिकेचा मजकूर पाहण्यास छापखान्यात गेलो. मुद्रक रुपराव अक्षरांचे खिळे जुळवीत होते. "साहेब, आईच्या नावाअंगोदर कै. टाकाचं ना? तुमच्या कागदावर नुसतं सौ. हाये."

लेखणी मागून घेतली व स्वहस्ते लिहिले: कै. सौ. सुमती कृष्णकांत देवपुजारी. अक्षर बऱ्यापैकी सरळ आले. कन्यादानाच्या ओळीत मार्तंड व त्याच्या पत्नीचे नाव आहे. तो मजकूर मी स्वतः तयार केला.

घरी शामलाने कच्ची पत्रिका वाचली. त्या नावावर तिने बोट ठेवले व पुष्कळ वेळ तसेच ठेवले. वसंत मागून वाचीत होता. "बाबा, वऱ्हाड निघायची वेळ दोन ठिकाणी दिली तुम्ही," तो म्हणाला. त्याचे बरोबर होते.

६ मे, रविवार

कै. सौ. सुमती,

आज निघण्याचा दिवस होता.

सकाळी शामला माझ्यासोबत शाळेत आली. आम्ही भिंतीवरील टाचण्या काढल्या. नकाशावर सात छिद्रे राहिली. नव्या बाईंना ती दिसतील, त्याची मी जयवंताबाईंकडे क्षमा मागितली. माझी उत्तरे फाईलमधून काढून घेतली. अर्जाची जागा तेवढी रिकामी राहिली. लुआरची फाईल पेटीत इतर अकरांवर ठेवली. पेटी बंद करण्यापूर्वी शामलाने टेम्सची फाईल उघडून माझ्याविषयीची ओळ मोठ्याने वाचली. ती येथे उतरवीत नाही. आम्ही दोघेही हसलो. त्यानंतर तिला खिडकीपाशी जाऊन उभे राहावे लागले. मी पेटीला कुलूप लावण्यात वेळ काढला.

फाटकाशी नत्थूजी भेटला. "औंदा नाही गेले का, साहेब?"

"घरी लग्न आहे, नत्थूजी. अठराला. तुम्ही यावे."

"येतो ना. बाईची पोरगी हाये."

अठराला मी मांडवात मार्तंडच्या मागे उभा राहीन. दाराशी उभे राहून छत्र्या सांभाळणे हे काम तू मला नेमून दिलेच होतेस. ते मला जमेल असे वाटते. याची खात्री मात्र देऊ शकत नाही.

खोलीच्या दाराला कुलूप लावले व दोनदा ओढून पाहिले. तिन्ही किल्ल्या जयवंताबाईंच्या हाती परत दिल्या. पावती मागितली नाही.